रविवार आला कुठून, गेला कुठे

रविवारी दुपारची जेवणं उरकली की हाताला काम उरत नाही आणि नेमकी तीच वेळ अनेकांना खायला उठते. मग फोन उघडला जातो, काल आवरलेलं कपाट पुन्हा आवरायला काढलं जातं, सोमवारच्या मेलची उत्तरं आजच लिहून ठेवली जातात. स्वस्थ बसणं जमत नाही ही तक्रार इतकी सर्रास झाली आहे की तिला स्वभावदोष समजून प्राणायामापासून ॲपपर्यंत नाना उपाय सुचवले जातात. उपाय करावेत, त्यांना माझी हरकत नाही. पण मुंबई-पुण्याच्या कामाचा इतिहास चाळला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. इथे माणूस थांबायचा तो सगळेच थांबत म्हणून. कधी थांबायचं हे ठरवणारं कुणीतरी बाहेर असे: अमावास्या, सूर्य, गिरणीचा भोंगा, कायदा. हे एकेक बंधन सैल होत गेलं आणि थांबणं ही ज्याची त्याची खासगी जबाबदारी होऊन बसली.

गावगाड्यात रविवारची सुट्टी नव्हती. अमावास्येला बैल जुंपायचे नाहीत, काही भागांत सोमवारी औत धरायचं नाही, पोळ्याला तर बैलाच्या खांद्याला जू लावायचंच नाही, असे मोडे, म्हणजे काम बंद ठेवायचे दिवस, होते. सुतार-लोहारही अमावास्येला हत्यार खाली ठेवत. त्या दिवशी कुणी नांगर धरलाच तर त्याला कष्टाळू कुणी म्हणत नसे, उलट गाव त्याला नावं ठेवी. याचे गोडवे गावेत असं काही नाही. सुगीत उसंत नसे, आणि जातं, पाणी, चूल ही कामं बायकांना कुठल्याच अमावास्येला चुकली नाहीत.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिची कापडगिरणी सुरू झाली. पुढच्या तीसेक वर्षांत कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसं परळ-लालबागच्या चाळींत येऊन राहिली. गिरणी उजाडताना सुरू होई आणि दिवेलागणीला थांबे. म्हणजे कामाचा दिवस थंडीत आखूड, उन्हाळ्यात तेरा तासांच्या पुढे. यंत्राला अमावास्या नसते. गिरणी एखाद्या दिवशी बंद राहिलीच तरी यंत्रं पुसायला माणसं लागतच.

सरकारने १८८१ मध्ये पहिला कारखाना कायदा केला. त्यामागे सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्यांची कळकळ होती, तशीच मुंबईच्या स्वस्त मालाने धास्तावलेल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांची ओरडही होती. या कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा आणि महिन्याला चार सुट्ट्या दिल्या. मोठ्यांना काहीच मिळालं नाही.

इथे नारायण मेघाजी लोखंडे येतात. ठाण्यात जन्मलेले, जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, काही काळ मांडवीच्या एका गिरणीत भांडारपाल, आणि १८८० पासून ‘दीनबंधु’चे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन कारखाना आयोगासमोर ठेवलं. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तरी थबकायला होतं. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात पडावा. यात चैन म्हणावी असं एकही कलम नाही, तरी गिरणीमालक सहा वर्षं दाद देत नव्हते. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली.

रविवारच का? साहेबाचा चर्चचा वार तोच, त्यामुळे कचेऱ्या बंदच असत. पण रविवार खंडोबाचाही वार, हा मुद्दा लोखंड्यांनी मांडल्याचं सांगतात. तो मांडला असेल तर बेरकीपणाला दाद द्यायला हवी: साहेबाला त्याचा देव दिसावा, कामगाराला आपला.

सुट्टी मिळाली आणि लगेच दुसरीकडून कामाचे तास वाढले. गिरण्यांत विजेचे दिवे लागले तशी सूर्यास्ताची हद्द पुसली गेली. १९०५ च्या सुमारास काही गिरण्या पंधरा-पंधरा तास चालू लागल्या. मुंबईच्या घड्याळांचा झगडाही याच सुमाराला पेटला.

मुंबईची वेळ ग्रीनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे होती. रेल्वे मद्रास वेळेवर चाले, म्हणजे स्टेशनातलं घड्याळ शहराच्या अर्धा तास पुढे. गव्हर्नर फर्ग्युसन यांनी १८८१ मध्ये मद्रास वेळ साऱ्या शहरावर लादून पाहिली, पण लोकांनी इतका गदारोळ केला की १८८३ मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला. मग १ जानेवारी १९०६ ला आजची प्रमाणवेळ आली. शहराचे काटे ३९ मिनिटं पुढे सरकले. बाबू लोकांच्या दृष्टीने हा अस्मितेचा प्रश्न होता, गिरणी कामगाराच्या दृष्टीने झोपेचा. भोंगा घड्याळातल्या त्याच आकड्याला वाजणार असेल तर अंथरूण पाऊण तास आधी सोडावं लागणार, हे त्याने लगेच ओळखलं. ५ जानेवारीला हजारो कामगारांनी माग सोडले आणि गिरणीवर दगडफेक केली. प्रमाणवेळेविरुद्धच्या अर्जावर शहरात पंधरा हजार सह्या झाल्या. महापालिका तर आपल्या घड्याळांत १९५० पर्यंत मुंबई वेळच पाळत राहिली. आज हा हट्ट गमतीचा वाटतो. पण आपला दिवस दुसऱ्याच्या घड्याळाने चालतो याची चीड येणारी ती शेवटची पिढी असावी. त्यानंतर घड्याळ आपल्या अंगात शिरलं.

पुढचा प्रवास संथ झाला. १९११ मध्ये कापडगिरण्यांतल्या पुरुषांना दिवसाला बारा तासांची मर्यादा आली. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तिथे भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले होते. जगासाठी आठवड्याला ४८ तास ठरले, ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मात्र वेगळं कलम लिहून साठ. ते साठ कायद्यात यायला १९२२ उजाडलं, १९३४ मध्ये चोपन्न झाले आणि १९४६ मध्ये, डॉ. आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य असताना, अठ्ठेचाळीस. जगाने १९१९ मध्ये ठरवलेली रेषा आपण सत्तावीस वर्षांनी गाठली.

मग या कष्टाने मिळवलेल्या रविवारी गिरणगाव करायचं काय? निवांत पडून राहत असेल असं वाटत असेल तर ते खोटं आहे. सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांग. दुपारी गाळ्यात गावकीची सभा, देवळाच्या छपरासाठी वर्गणी, गावाकडच्या भांडणाचा निवाडा, भिशी. संध्याकाळी भजन, आखाडा, लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशा. १९४८ पासून पावसाळी रविवारी कांगा लीगचे क्रिकेट सामने. खानावळ चालवणाऱ्या बाईला तर रविवारी दुप्पट पोळ्या लाटाव्या लागत. या बायकांची संघटना, प्रेमा पुरव यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ, उभी राहायला १९७५ साल यावं लागलं.

म्हणजे रविवारही भरगच्चच होता. पण त्या दिवशी गिरणीची कुणी आठवण काढत नसे, कारण गिरणी बंद होती. मुकादमाला निरोप धाडायचा म्हटलं तर त्यालाही चाळीत येऊन जिने चढावे लागले असते. आपण थांबलो आणि बाकीचे पुढे गेले, ही धास्ती त्या दिवसात नव्हती. माझ्या मते विश्रांतीचा सगळा जीव इथे आहे. काम आपल्याशिवाय चालू आहे हे ठाऊक असताना माणूस आडवा पडू शकतो, निवांत होऊ शकत नाही.

पुण्याने हीच गोष्ट दुपारी करून दाखवली. एक ते चार दुकान बंद, या पाटीवर महाराष्ट्राने पोटभर विनोद केले. गंमत अशी की शेजारचंही दुकान बंद असल्यामुळे त्या वामकुक्षीचा तोटा कुणालाच होत नसे. २०१७ च्या जुलैपासून चितळे बंधूंनी दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, तेव्हा त्याची बातमी झाली. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात तर साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, विजेचा भार आठवड्यात वाटून देण्यासाठी ठरलेली. लोखंडे-खंडोबांना जे मिळवायला सहा वर्षं लागली ते वीजमंडळाने एका वेळापत्रकाने हलवलं.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. भोंगे एकामागून एक बंद पडले. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आला, कमला मिलमध्ये कचेऱ्या आल्या, आणि लोअर परळच्या त्याच रस्त्यांवरून गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलं चालू लागली. त्यांना सुट्ट्या आजोबांपेक्षा दुप्पट, शनिवार-रविवार दोन्ही. पण काम सुटल्याचं सांगणारा भोंगा त्यांच्यासाठी नाही. कचेरीचा व्हॉट्सॲप ग्रुप रात्री अकराला वाजतो आणि अमेरिकेतल्या ग्राहकाची सकाळ आपल्या संध्याकाळी उजाडते. राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा दिला. महिनाभरात टाळेबंदी लागली आणि अनेकांची कचेरी स्वयंपाकघराच्या टेबलावर येऊन बसली.

कायद्यातला सर्वांत महत्त्वाचा बदल फारसा गाजावाजा न होता झाला. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावं लागे. २०१७ च्या महाराष्ट्राच्या नव्या कायद्याने दुकानांना वर्षाचे ३६५ दिवस उघडं राहण्याची मुभा दिली. सुट्टी कामगाराला, आळीपाळीने. कागदावर कुणाचाच दिवस कमी झाला नाही. फक्त आईची सुट्टी मंगळवारी, बापाची शुक्रवारी आणि मुलांची शाळा रविवारी बंद, असं घर त्यातून तयार झालं. ग्राहक म्हणून आपण सगळ्यांनीच या बदलाचं स्वागत केलं, हेही कबूल करायला हवं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी आकडा नव्वदवर नेला आणि रविवारी कामाला बोलावता येत नाही याची खंतही व्यक्त केली. उन्हाळ्यातला तेरा तासांचा दिवस गुणिले सात केलं तर एक्याण्णव येतात. सुपारीबागेतल्या सभेला आलेला कामगार साधारण तेवढंच राबत होता.

उलट बाजूने फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कामानंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आणला. सुप्रिया सुळे यांनी तशाच हक्काचं खासगी विधेयक डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा. १९७० नंतर संसदेत एकही खासगी विधेयक मंजूर झालेलं नाही. दरम्यान सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारावर आणि दुकाने-आस्थापनांतली नऊवरून दहावर नेण्याचा निर्णय घेतला. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास मात्र तसेच ठेवले.

या अठ्ठेचाळीस तासांच्या आत कोण येतं, ही गोष्टही नोंदवायला हवी. २०१७ चा राज्याचा कायदा व्यवस्थापक, पर्यवेक्षक किंवा गोपनीय स्वरूपाचं काम करणाऱ्यांना लागू होत नाही. रविवारी दुपारी कपाट पुन्हा आवरायला काढणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या कार्डावर पदाचं नाव ‘मॅनेजर’ असतं, हाताखाली एकही माणूस नसला तरी.