घोड्याला दिलेली वाट: पीक डिस्ट्रिक्टमधल्या ग्रॅव्हल मार्गांची पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानात, डर्बीशायरच्या पठारावर, ‘पार्स्ली हे’ नावाच्या जागी दोन जुने रेल्वेमार्ग एकमेकांना मिळतात. रूळ केव्हाच उचलले गेले. उरली ती चुनखडीच्या कचेची पांढरट पट्टी, दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं आणि मेंढ्या. इंग्लंडमध्ये ग्रॅव्हल बाइक, म्हणजे कच्च्या वाटांवर चालवायची सायकल, घेतलेला माणूस आज ना उद्या इथे येतोच.

‘ग्रॅव्हल’ या शब्दाने मराठी वाचकाची थोडी फसगत होते. खडी म्हटलं की आपल्याला डांबरीकरणाआधी पसरलेले टोकदार दगड आठवतात, आणि त्यावर हौसेने कोणी सायकल घालणार नाही. इथे दगडाचा बारीक चुरा दाबून बसवलेला असतो. आपल्या मुरमाच्या रस्त्याची आठवण व्हावी असा हा थर असतो. पाऊस पडला की त्याचा चिखल चुन्यासारखा पांढरा होतो आणि चेनवर घट्ट बसतो.

या पठारावर शिशाच्या खाणी रोमन काळापासून होत्या. मीठ, शिसं आणि लोकर वाहणाऱ्या तट्टांच्या रांगा आपल्याकडच्या लमाणांच्या तांड्यांसारख्या ठरलेल्या वाटांनी जात. त्यांच्या खुरांनी खोल झालेल्या गल्ल्या अजून दिसतात. मात्र आजच्या मार्गांचा खरा साचा घडला तो 1830 च्या सुमारास.

पठाराच्या एका बाजूला क्रॉमफर्डचा कालवा होता आणि दुसऱ्या बाजूला व्हेली ब्रिजचा. मधे कालवा खणून दोन्ही जोडावेत हा मूळ विचार. पण चुनखडीच्या डोंगरावर पाणी ठरत नाही, म्हणून कालव्याऐवजी रेल्वे बांधली गेली, तीही कालव्याच्याच डोक्याने. कालव्यात सपाट पाणी असतं आणि चढ आला की नावा पायरीपायरीने वर चढवणारे एकापाठोपाठ एक दरवाजे. या रेल्वेतही लांबच लांब सपाट पट्टे होते आणि त्यांच्यामधे सरळसोट उतरंडी. उतरंडीवर माथ्यावरचं वाफेचं इंजिन दोराने वाघिणी ओढायचं, सपाटीवर सुरुवातीला घोडे जुंपलेले असत. स्थानकांना तर चक्क ‘वार्फ’, म्हणजे धक्का म्हणत. समुद्रापासून इतक्या लांब, डोंगरमाथ्यावर धक्का! 53 किलोमीटरचा हा मार्ग 1831 मध्ये पूर्ण झाला. क्रॉमफर्डच्या धक्क्यापासून त्याच्या सर्वांत उंच जागेपर्यंत चढ जवळजवळ तीनशे मीटरचा आहे. मिडलटनच्या माथ्यावरचं 1829 चं इंजिन आजही जपून ठेवलेलं आहे.

आज सायकल चालवताना पायांना जे कळतं, ते याच आखणीमुळे. कित्येक मैल चढ जाणवत नाही. मग हॉप्टनला चौदास एक, म्हणजे चौदा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, असा चढ समोर येतो, आणि मिडलटनची उतरंड त्याहून बरीच तीव्र, साधारण आठास एक. गॉथमजवळचं वळण जेमतेम पन्नास मीटर त्रिज्येचं आहे. तिथे हँडल वळवताना इथून कधी मालगाडी जात असेल यावर विश्वास बसत नाही.

पार्स्ली हेला मिळणारा दुसरा मार्ग बराच नंतरचा, 1899 चा. अ‍ॅशबोर्न ते बक्सटन या मार्गावर प्रवासी बेताचेच होते. गाव आणि लंडन यांना जोडलं ते दुधाच्या गाड्यांनी.

जवळच मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात तिसरा मार्ग होता, आणि तो आपल्या लोकांना मुद्दाम सांगावासा वाटतो. कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी ‘बार्शी लाइट’ 1897 मध्ये सुरू झाली. अडीच फूट रुंदीचे रूळ आणि हलक्या रुळांवरही बऱ्यापैकी माल ओढण्याची युक्ती, हे ज्या इंग्रज अभियंत्याने बार्शीत करून दाखवलं, त्यालाच पुढे स्टॅफर्डशायरच्या या खोऱ्यात बोलावलं गेलं. 1904 मध्ये मॅनिफोल्डची गाडी सुरू झाली तेव्हा तिच्या रुळांची रुंदी बार्शीचीच होती आणि घडणीवरही बार्शीची छाप होती. तंत्रज्ञान विलायतेहून इकडे येतं हेच आपण शाळेत शिकलो; सोलापूर जिल्ह्यात तावूनसुलाखून निघालेली गोष्ट तिकडे गेली, हे फारसं कोणी सांगत नाही. ही गाडी 1934 मध्ये बंद पडली आणि 1937 मध्ये तिच्या जागी वाट खुली झाली. ही वाट आज डांबरी असल्यामुळे ग्रॅव्हलवाले तिला आपली मानत नाहीत. मला ते पटत नाही.

आता 1968. त्या वर्षी ग्रामीण भागासंबंधीच्या एका कायद्यात सायकलींसाठी एक कलम आलं, आणि इंग्लंड-वेल्समध्ये कच्च्या वाटेवर सायकल कुठे न्यायची याचा निकाल अजून त्यावरच लागतो. तोवर कायद्याने ‘फुटपाथ’ म्हणजे शेतातून जाणारी पायवाट आणि ‘ब्रायडलवे’ म्हणजे घोडवाट असा भेद केला होता. नव्या कलमाने सायकलला घोडवाटेवर जायची मुभा दिली, पायवाटेवर नाही. मुभेला अटीही होत्या. पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. शिवाय सायकलस्वाराच्या सोयीसाठी वाट नीट करण्याचं बंधन कोणावरही नाही, हे कायद्यातच लिहून ठेवलं गेलं. हक्क दिला, पण त्याची देखभाल नाकारली.

खरी अडचण याच्याही आधीची आहे. कुठली वाट कोणत्या प्रकारची हे 1949 च्या कायद्यानंतर ठिकठिकाणच्या पाहण्यांतून नकाशावर चढलं. एका गावाने जुनी तट्टांची वाट घोडवाट म्हणून नोंदवली, शेजारच्या गावाने तीच वाट पायवाट म्हणून. त्यामुळे शिवेवरच्या फाटकाशी येईपर्यंत तुम्ही हक्काने सायकल चालवता आणि फाटक ओलांडलं की दुसऱ्याच्या जमिनीत घुसखोरी करता. जमीन तीच, दगड तेच. शेकडो वर्षं लादलेली तट्टं जिथून गेली, तिथून तेरा किलोची सायकल का नाही, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. पायी चालणाऱ्यांची भीती मी समजू शकतो. अरुंद वाटेवर वेगात आलेली सायकल त्रासाची असते. पण मग निकष वाटेच्या रुंदीचा हवा होता, एखाद्या कारकुनाने कधीकाळी केलेल्या नोंदीचा नव्हे. आजही इंग्लंडमधल्या अशा नोंदलेल्या वाटांपैकी सुमारे पाचव्या भागावरच सायकलस्वाराला हक्क आहे. स्कॉटलंडने 2003 मध्ये हा घोळच मोडीत काढला आणि जबाबदारीने वागणाऱ्याला जवळपास सगळीकडे मोकळीक दिली.

रेल्वेच्या वाटा या गुंत्यातून सुटल्या, कारण त्या कधी सार्वजनिक वाटा नव्हत्याच. ती मालकीची जमीन होती. रेल्वेने रूळ उचलल्यावर जो ती विकत घेईल त्याने ठरवायचं, कोणाला येऊ द्यायचं. योगायोग असा की अ‍ॅशबोर्नचा मार्ग राष्ट्रीय उद्यानाने विकत घेतला तोही 1968 मध्येच, आणि 1971 मध्ये तो टिसिंग्टन ट्रेल म्हणून चालणारे, घोडेस्वार आणि सायकलस्वार या तिघांनाही खुला झाला. कालव्याच्या डोक्याने बांधलेला जुना मार्ग 1967 मध्ये बंद झाला होता; थोड्याच वर्षांत तोही हाय पीक ट्रेल झाला.

‘ग्रॅव्हल’ हे नाव अमेरिकेतून आलं, ते खूप नंतर. कच्च्या वाटांवर साध्या सायकली नेणाऱ्यांचा क्लब इंग्लंडमध्ये 1955 पासूनच होता. नवं आलं ते चाळीस मिलिमीटरच्या आसपासचं टायर आणि त्याबरोबर आलेली गर्दी.

सध्याचा वाद आहे मॉन्सल ट्रेलवरून. तिथली रेल्वे 1968 मध्ये थांबली आणि 1981 मध्ये वाट झाली, पण बोगदे बंद असल्याने डोंगरावरून वळसा घालावा लागे. 2011 मध्ये चार मोठे बोगदे उघडले आणि बेकवेलपासून बक्सटनच्या दिशेने साडेआठ मैलांची सलग सपाट वाट मिळाली. याच मार्गावर पुन्हा रेल्वे आणावी अशी मागणी बरीच वर्षं चालू आहे. रेल्वे हवीच, मी तिच्या विरोधात नाही. पण गाडी आली की सायकली बोगद्यांबाहेर पडणार, आणि बाहेर डोंगरावर पुन्हा तीच पायवाट, तीच घोडवाट, आणि फाटकापाशी तेच 1968 चं कलम.