सोर्समधली ती ‘६/४/९३’ आली कुठून?

ऐरोलीत किंवा सीप्झमध्ये ‘सी’ भाषेतला जुना कोड सांभाळणाऱ्यांच्या डोळ्यांखालून ही ओळ कधी ना कधी गेलेली असते: ‘@(#)प्रिंटएफ.सी ८.१ (बर्कले) ६/४/९३’. नवीन पोरं ती तारीख सहा एप्रिल वाचतात. ती चार जून आहे. अमेरिकन पद्धत, महिना आधी. बर्कले विद्यापीठाच्या कितीतरी फायलींवर आवृत्तीचा हाच आकडा, हीच तारीख आहे, कारण तिथल्या ४.४बीएसडी या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या तयारीत त्या घाऊक भावात ८.१ वर आणल्या गेल्या. त्या दिवशी प्रत्येक फायलीत काही बदललंच होतं, असं समजायचं कारण नाही.

या खुणेचं मूळ १९७२ मधलं. बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस हे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर लिहिलं. त्यात प्रत्येक फायलीचा इतिहास स्वतंत्र. फाइल बाहेर काढताना ठरावीक खुणेच्या जागी नाव, आवृत्ती आणि तारीख आपोआप भरली जायची. सुरुवातीला ‘@(#)’ अशी विचित्र चिन्हं घेतली, कारण ती एरवी कोडमध्ये सहसा येत नाहीत. ‘व्हॉट’ नावाची छोटी कमांड कुठल्याही फायलीत, अगदी कंपाइल होऊन तयार झालेल्या प्रोग्रॅममध्येही (बायनरीत), ही चार चिन्हं शोधायची आणि पुढचा मजकूर छापायची. पुढे पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी त्याच कामासाठी आरसीएस केलं. त्यात खूण डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये आली आणि शोधायला ‘आयडेंट’ कमांड. त्यानंतरच्या सीव्हीएस या आवृत्ती-प्रणालीने तीच पद्धत उचलली.

ही हौस नव्हती. त्या काळी सोर्स टेपवरून फिरायचा. आपल्याकडे जुहूची एनसीएसटी, पवईची आयआयटी या संस्था अर्नेट या शैक्षणिक संगणक-जाळ्यात आल्या त्याही ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. घरच्या नोंदींपासून तुटून एकटी फिरणारी फाइल कुठली, कितवी, हे सांगायला तिच्या अंगावरच वॉर्ड ऑफिसच्या आवक क्रमांकासारखा शिक्का लागायचा.

तयार फंक्शन्सच्या लायब्ररीत याला आणखी एक कारण होतं. प्रोग्रॅममध्ये प्रिंटएफ हे मजकूर छापणारं फंक्शन नेमकं कोणत्या आवृत्तीचं जोडलं गेलंय, हे बायनरीवरूनच कळायला हवं होतं. म्हणून खूण कॉमेंटमध्ये न ठेवता स्टॅटिक स्ट्रिंग म्हणून ठेवत. मग लिंट हे कोड तपासणारं साधन ओरडायचं की हे व्हेरिएबल कुणी वापरतच नाही. त्याला गप्प करायला भोवती ‘इफ डिफाइन्ड’चं कुंपण आलं. बर्कलेच्या कोडवर उभ्या फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने पुढे एक मॅक्रोच केला आणि त्यासाठी फायलीत सिस-सीडेफ्स हेडर आणावं लागायचं. एका ओळीच्या शिक्क्यापायी चार ओळींचा संसार!

त्रास सुरू झाला ब्रँचेस, म्हणजे एकाच कोडच्या समांतर शाखा, वाढल्यावर. दोन ब्रँचमध्ये शिक्क्याची ओळ वेगळी, त्यामुळे कोड तोच असूनही त्या एकत्र (मर्ज) करताना भांडण. फ्रीबीएसडी २००८ मध्ये सोर्ससाठी सबव्हर्जन या आवृत्ती-प्रणालीवर गेलं. तिथे शिक्का चालत होता. डिसेंबर २०२० मध्ये तिच्या जागी गिट आलं आणि शिक्क्याचा आधारच गेला. गिटमध्ये नोंद एका फायलीची नसते, प्रकल्पातल्या फायलींच्या सगळ्या झाडाची असते. फायलीला स्वतःचा आवृत्ती क्रमांकच नाही, मग भरणार काय? डॉलरमधला ‘फ्रीबीएसडी’ हा शब्द कोराच उरला.

तरी तो पुढची अडीचेक वर्षं तसाच राहिला, आणि मला त्यात आळस दिसत नाही. हजारो फायलींना हात लावला की जुन्या ब्रँचवर बदल नेणं जड जातं, कुठली ओळ कुणी बदलली हे दाखवणाऱ्या ‘ब्लेम’मध्ये गाळ साचतो. ऑगस्ट २०२३ मध्ये फ्रीबीएसडीच्या वॉर्नर लॉश यांनी ते डॉलर-टॅग घाऊक काढले. सी फायली, हेडर, मेकफाइल, स्क्रिप्ट, प्रत्येकात खूण लिहायची तऱ्हा वेगळी, म्हणून नमुन्यानुसार वेगवेगळ्या कमिटमध्ये (नोंदींमध्ये). नोव्हेंबरमध्ये एससीसीएसच्या खुणांचा नंबर लागला, लायब्ररीसकट. काम पर्ल स्क्रिप्टने झालं, पण कोड कंपाइल होत राहावा म्हणून एक-दोन ठिकाणी हाताने डागडुजी लागलीच. मागे उरलेली रिकामी कुंपणं, निरुपयोगी हेडर आणि मोकळ्या ओळी वेगळ्याने झाडल्या. कॉपीराइटच्या ओळीला मात्र हात लावायचा नसतो. ती कायदेशीर नोंद आहे, आवृत्तीची खूण नाही.

सरसकट झाडू मारायला माझा विरोध आहे तो एका बाबतीत: दुसऱ्या प्रकल्पातून आणलेल्या फायली. बीएसडी कुळातलंच ओपनबीएसडी आजही सीव्हीएसवर आहे आणि तिथला शिक्का जिवंत आहे. त्यांचं एसटीआरएलसीपीवाय हे मजकूर कॉपी करणारं फंक्शन असंख्य प्रकल्पांनी उचललं. कितीतरी प्रतींवर अजून ‘१.११’ आणि २००६ सालची तारीख दिसते, आणि मूळ फाइल पुढे बदलली का, हे त्यावरूनच पडताळता येतं. सन कंपनीच्या गणिती लायब्ररीच्या फायलींचंही तेच. मसल या सी लायब्ररीने यातून बरा मार्ग काढला: जुनी खूण न ठेवता, ही फाइल फ्रीबीएसडीच्या अमुक ठिकाणची, एवढी साधी कॉमेंट वर लिहिली. बाहेरून आणलेल्या फायलीवर स्क्रिप्ट चालवण्याआधी निदान तेवढं लिहून ठेवावं.