एकदिवसीय सफारी (नैरोबी)

एकदिवसीय सफारी (नैरोबी) : रानात मुक्काम न करता सकाळी शहरातून निघून सायंकाळपर्यंत शहरातच परतायचे, अशा बेताने केलेले वन्यप्राणिदर्शन. अशी सहल आफ्रिकेत अनेक ठिकाणी होते. लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असलेल्या कुटुंबांत ती विशेष रूढ आहे. प्रस्तुत नोंद केनियाची राजधानी नैरोबी व तिला लागून असलेले नैरोबी राष्ट्रीय उद्यान यांपुरती आहे. इतर ठिकाणांचा उल्लेख शेवटी तुलनेपुरता केला आहे.

उद्यानाचे क्षेत्रफळ सु. 117 चौ. किमी. असून शहराच्या मध्यभागापासून ते सु. 7 किमी. वर आहे. समुद्रसपाटीपासून उंची सु. 1,530 ते 1,760 मी. पश्चिमेच्या उंच भागात ऑलिव्ह व क्रोटन वृक्षांचे कोरडे जंगल, मध्यभागी उघडे गवताळ माळ आणि दक्षिणेस म्बागाथी नदीच्या काठाने पिवळट सालीच्या बाभळी, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. उत्तर, पूर्व व पश्चिम या बाजूंना विजेचे कुंपण आहे. दक्षिणेस नदी हीच हद्द असून तिकडे कुंपण नाही. ही चौथी बाजू उघडी असल्यामुळेच एवढ्याशा क्षेत्रात सिंहापासून झेब्र्यापर्यंतचे प्राणी टिकून आहेत, म्हणून तिचा विचार पुढे विस्ताराने केला आहे.

पूर्वेतिहास : विसाव्या शतकाच्या आरंभीची सफारी म्हणजे महिनोन्‌महिने चालणारी शिकारमोहीम होती. अमेरिकेचे अध्यक्षपद सोडल्यावर थिओडोर रूझवेल्ट एप्रिल 1909 मध्ये मोंबासाला उतरले, रेल्वेने कापिटी मैदान स्थानकापर्यंत आले आणि तेथून त्यांची सु. वर्षभराची मोहीम निघाली. हे मैदान आजच्या उद्यानाला दक्षिणेकडून भिडणाऱ्या गवताळ पट्ट्याचाच भाग होय. ज्या युगांडा रेल्वेने ते आले, तिच्या बांधकामासाठी (1896–1901) ब्रिटिश भारतातून तीस हजारांवर मजूर नेण्यात आले होते. त्यांत पंजाबातील लोकांचा भरणा मोठा होता. 1899 मध्ये रूळ एका दलदलीच्या माळावर पोचले, तेथे छावणी पडली व पुढे नैरोबी शहर वसले. रुळांच्या दक्षिणेस शिकारबंदी असलेले राखीव क्षेत्र होते आणि डब्याच्या खिडकीतून प्राण्यांचे कळप दिसत.

एकदिवसीय सफारीचा आरंभ या रेल्वेप्रवासापासून धरावा की उद्यानाच्या स्थापनेपासून, याविषयी दुमत संभवते. रेल्वेच्या प्रवाशाला प्राणी दिसत हे खरे. पण तो निघालेला असे दुसऱ्याच कामाला. केवळ प्राणी पाहण्यासाठी घरून निघावे आणि त्याच दिवशी घरी यावे, ही प्रथा मोटारगाडी आणि संरक्षित उद्यान या दोहोंनंतरची मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

उद्यान डिसेंबर 1946 मध्ये अस्तित्वात आले. नेमक्या दिवसाबाबत संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही, बहुधा अधिसूचना व उद्‌घाटन यांच्या तारखांची सरमिसळ झाल्यामुळे. स्थापनेचे श्रेय सामान्यतः मर्व्हिन काउई यांना दिले जाते. नैरोबीत जन्मलेले काउई 1932 मध्ये इंग्लंडहून परतले, तेव्हा शहराभोवतीचे प्राणी झपाट्याने घटल्याचे त्यांच्या ध्यानात आले. लोकमत जागे करण्यासाठी आपण ‘जुना वसाहतवाला’ अशा टोपणनावाने वृत्तपत्रात पत्र लिहिले, सगळे प्राणी मारून टाकावेत अशी मागणी त्यात मुद्दाम केली आणि अपेक्षेप्रमाणे लोक खवळले, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. हा किस्सा लोकप्रिय आहे व खोटा मानण्याचे कारण नाही. मात्र तेवढ्यावर स्थापनेचा इतिहास संपत नाही. 1904 व 1911 च्या करारांनी मासाई या पशुपालक जमातीला तिच्या उत्तरेकडील कुरणांतून हलवण्यात आले होते. उद्यानासाठी निवडलेली जमीन ही शहराची सामाईक चराऊ जमीन होती, तेथे गुरे चरत आणि महायुद्धाच्या काळात लष्करी सरावही होत असे. काउईंच्या मोहिमेने एक मोकळे रान वाचवले असे म्हणण्यापेक्षा, वापरातल्या जमिनीचा वापर बदलला असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

‘पूर्व आफ्रिकेतील पहिले राष्ट्रीय उद्यान’ असा या उद्यानाचा उल्लेख अनेकदा आढळतो. टांगानिकातील (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) 1940 च्या कायद्याने सेरेंगेटीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला होता, पण तो प्रत्यक्षात येण्यास 1951 साल उजाडले. त्यामुळे दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो. ‘केनियातील पहिले’ हे विधान मात्र निर्विवाद आहे.

दक्षिण सीमा : उद्यान हे अथी-कापुतेई या सु. 2,200 चौ. किमी. च्या मैदानी परिसंस्थेचे उत्तर टोक आहे. मार्च ते मे या मोठ्या पावसात व ऑक्टोबर-डिसेंबरच्या छोट्या पावसात झेब्रे, विल्डबीस्ट (कळपाने राहणारे मोठे कुरंग) व इतर चरणारे प्राणी नदी ओलांडून दक्षिणेच्या आखूड गवतावर जातात. त्या गवतात कॅल्शियम व फॉस्फरस अधिक असते आणि उद्यानातले उंच, ओले गवत त्यांना रुचत नाही. कोरड्या महिन्यांत दक्षिणेचे पाणवठे आटले, की कळप उद्यानातील बंधाऱ्यांकडे परततात. त्यांच्यामागे सिंहही ये-जा करतात.

हे स्थलांतर आता क्षीण झाले आहे. विल्डबीस्टची संख्या या मैदानात 1978 मध्ये सु. 30,000 होती, ती 2011 पर्यंत 5,000 च्याही खाली आली. दुष्काळ, चोरटी शिकार, कुंपणे, रस्ते व वस्तीची वाढ अशी कारणे दिली जातात. दुष्काळ पूर्वीही पडत आणि त्यानंतर कळप सावरत. आता ते सावरत नाहीत, यावरून जमिनीचे तुकडे व कुंपणे यांना प्रधान कारण मानणाऱ्या अभ्यासकांचे मत अधिक पटते. मासाईंच्या सामूहिक मालकीच्या कुरणांची 1980 च्या दशकात वाटणी होऊन खाजगी सातबारे झाले (शब्द आपल्याकडचा, व्यवहार तोच) आणि उद्यानाच्या दक्षिणेकडील किटेंगेला भागात प्लॉट पडू लागले. यावर उपाय म्हणून 2000 पासून एक भाडेयोजना राबवण्यात आली. जमीन विकू नये, कुंपण घालू नये व वन्यप्राण्यांना जाऊ द्यावे, या अटींवर जमीनमालकाला एकरी वर्षाला 4 अमेरिकी डॉलर दिले जात. मुलांच्या शाळेच्या फीसाठी हा पैसा उपयोगी पडे. पण प्लॉटच्या भावापुढे तो किती टिकणार, हा प्रश्न राहतोच.

उघड्या सीमेचा बोजा मासाई कुटुंबांवर पडतो. सिंह रात्री गोठ्यात शिरतात. जून 2012 मध्ये गुरे मारल्याच्या रागातून किटेंगेलाजवळ सहा सिंह मारले गेले. याच परिसरातील एका शाळकरी मासाई मुलाने गोठ्याभोवती आळीपाळीने लुकलुकणारे दिवे लावून सिंह दूर ठेवण्याची युक्ती काढली. ती पुढे इतरत्रही वापरात आली. उत्तरेकडून शहराचा दाब वेगळाच आहे. नैवाशाकडे जाणारा नवा रेल्वेमार्ग 2019 मध्ये सुरू झाला तो उद्यानाच्या अंगावरून, सु. 6 किमी. लांबीच्या उंच पुलावरून जातो. खांबांखालून जिराफ जाऊ शकतील एवढी उंची ठेवली आहे. दक्षिणेलाही कुंपण घालावे, असा प्रस्ताव 2020 मध्ये व्यवस्थापन आराखड्याच्या मसुद्यात आला व त्याला संरक्षणवाद्यांनी विरोध केला.

प्राणी : काळा व पांढरा असे दोन्ही गेंडे येथे आहेत, काळ्या गेंड्याच्या संवर्धनासाठी उद्यान प्रसिद्ध आहे. याशिवाय सिंह, बिबट्या, चित्ता, तरस, केप म्हैस, मासाई जिराफ, झेब्रा, एलँड, इम्पाला, हार्टबीस्ट, रानडुक्कर (वॉर्टहॉग), पाणघोडा व मगर. पक्ष्यांच्या 400 हून अधिक जाती नोंदल्या असून शहामृग, सेक्रेटरी पक्षी व मुकुटधारी क्रौंच सहज दिसतात. जंगली हत्ती येथे नाहीत. भारतातून आलेल्या कुटुंबाला चित्त्याचे आकर्षण साहजिक असते. हा प्राणी भारतातून नामशेष झाल्याचे 1952 मध्ये जाहीर झाले, आणि 2022 व 2023 मध्ये मध्य प्रदेशातील कुनोत आणलेले चित्ते नामिबिया व दक्षिण आफ्रिकेतले होते. नैरोबीत मात्र तो क्वचितच दिसतो. बिबट्याचे दर्शनही दुर्मिळ असून त्यासाठी झाडाखाली तासभर गाडी थांबवणे लहान मुलांना झेपत नाही.

दिवसाचा क्रम : नैरोबी विषुववृत्ताजवळ असल्याने वर्षभर सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो व त्याच सुमारास मावळतो. फाटक उघडताच आत जाणे इष्ट, कारण मांसभक्षक प्राणी ऊन चढेपर्यंतच हिंडतात. बहुतेक कुटुंबे छत वर उचलता येणारी व्हॅन किंवा जीप चालकासह घेतात; स्वतःची मोटार नेण्यासही मुभा आहे. जुलैत पहाटे बोचरी थंडी असते व उघड्या छतातून वारा लागतो, तेव्हा आफ्रिका म्हणजे उकाडा या समजुतीने स्वेटर घरी ठेवू नये. नेमून दिलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरता येत नाही. उतरण्याच्या जागांपैकी इम्पाला टेकडीवरून माळ दिसतो. नदीकाठी पाणघोड्यांच्या डोहापाशी सशस्त्र रक्षकाबरोबर थोडे पायी फिरता येते. जेथे डबे उघडले जातात तेथे माकडे व बबून टपून असतात. डबा स्टीलचाच न्यावा, कारण संरक्षित क्षेत्रांत एकदा वापरून टाकायच्या प्लॅस्टिकला जून 2020 पासून बंदी आहे आणि प्लॅस्टिक पिशव्या तर देशभर 2017 पासूनच बंद आहेत.

उद्यानातील हस्तिदंत दहनस्थळ आवर्जून पाहण्याजोगे आहे. जुलै 1989 मध्ये अध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी येथे 12 टन हस्तिदंत जाळले. त्याच वर्षी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. एप्रिल 2016 मध्ये 105 टन हस्तिदंत व गेंड्याची शिंगे जाळण्यात आली. राखेचे ढीग अजून आहेत. ‘इतके महाग होते तर विकले का नाही’ हा मुलांचा नेहमीचा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनीही विचारला आहे. जप्तीचा माल विकल्यास चोरट्या मालालाही वाट मिळते, हे केनियाचे उत्तर.

उन्हाच्या वेळी गाडी बाहेर काढून दोन संस्था पाहण्याची पद्धत आहे. उद्यानाच्या कडेला शेल्ड्रिक न्यासाचे पोरक्या हत्तींचे संगोपनगृह आहे. 1977 मध्ये डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी पती डेव्हिड यांच्या स्मरणार्थ न्यास स्थापला. गाईचे दूध हत्तीच्या पिल्लाला पचत नाही. नारळाच्या स्निग्धांशाचा उपयोग करून त्यांनी चालेल असे दूध बऱ्याच प्रयत्नांनी तयार केले. मोठी झालेली पिल्ले आग्नेय केनियातील त्सावोच्या रानात सोडली जातात. दर्शन सकाळी 11 ते 12 एवढेच असते आणि नोंदणी आधी करावी लागते. दुसरी संस्था म्हणजे लंगाटा येथील जिराफ केंद्र. येथे उंच मचाणावरून जिराफांना हाताने खाऊ घालता येते. येथील जिराफ रॉथशिल्ड या नावाने ओळखले जातात. त्यांना स्वतंत्र उपजाती मानावे की न्यूबियन जिराफात धरावे, हा वाद आहे. अलीकडील जनुकीय अभ्यासांचा कल दुसऱ्या मताकडे आहे. उद्यानातील मासाई जिराफ मात्र निराळा, त्याचे ठिपके वेलीच्या पानासारखे कातरलेले असतात. दोन्ही एकाच दिवशी पाहणाऱ्या मुलांच्या हा फरक चटकन लक्षात येतो.

हंगाम व आरोग्य : जुलै ते ऑक्टोबर आणि जानेवारी-फेब्रुवारी हे महिने सोयीचे, कारण वर सांगितल्याप्रमाणे तेव्हा कळप उद्यानात असतात. एप्रिल-मेमध्ये गवत उंच, रस्ते चिखलाचे व कळप बाहेर असतात, आणि महाराष्ट्रातील शाळांची सुटी नेमकी तेव्हाच येते. उंचीमुळे नैरोबीत हिवतापाचा धोका कमी आहे. केनियातून भारतात परतताना पीतज्वर लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते. लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी शासनमान्य केंद्रात घ्यावी लागते व नऊ महिन्यांखालील बालकांना ती दिली जात नाही, त्यामुळे तान्ह्या मुलांबाबत आधी डॉक्टरांचा सल्ला घेणे अगत्याचे ठरते. प्रवेशशुल्क नागरिक, रहिवासी व परदेशी यांना वेगवेगळे असते, मुलांना कमी. ते वारंवार बदलते व रोखीने घेतले जात नाही.

इतर ठिकाणे : मासाई मारा (सु. 1,510 चौ. किमी.) नैरोबीहून मोटारीने पाच-सहा तासांवर असल्याने एका दिवसात होत नाही, उद्यानालगतच्या विल्सन विमानतळावरून लहान विमानाने जाऊन येता येते, पण खर्च मोठा. नाकुरू सरोवर (सु. 160 किमी.) पहाटे निघाल्यास साधते. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गहून पिलानेसबर्ग येथे एकदिवसीय सहली जातात. क्रूगरमध्ये उद्यानाच्या स्वतःच्या गाडीतून निघणाऱ्या फेऱ्यांत सहा वर्षांखालील मुलांना घेत नाहीत. खाजगी मोटारीला ही अट नाही.