मूल ‘दत्तक’ घेणे आणि गावच्या बालवाडीला हातभार लावणे

आफ्रिकेतील मलावी देशातल्या एखाद्या गरीब खेड्यातील चार वर्षांच्या मुलासाठी दरमहा ठरावीक रक्कम पाठवणारा देणगीदार ‘मी एक मूल दत्तक घेतले आहे’ असे सहज सांगतो आणि त्याच खेड्यातल्या बालवाडीच्या पेजेसाठी पैसे देणाराही पुष्कळदा तेच शब्द वापरतो. कायद्याच्या अर्थाने यांपैकी कोणीच कोणाला दत्तक घेतलेले नसते आणि या दोन मदतींची घडणही एक नाही.

पहिला प्रकार बालप्रायोजकत्वाचा. स्पेनमधील यादवी युद्धाची झळ बसलेल्या मुलांसाठी १९३७ मध्ये जॉन लँगडन-डेव्हिस या ब्रिटिश पत्रकाराने जी संस्था सुरू केली, त्या आजच्या ‘प्लॅन इंटरनॅशनल’च्या मूळ नावातच ‘पालक’ हा शब्द होता. शब्दांच्या या गोंधळाचे मूळ कदाचित तिथेच असावे. देणगीदाराला मुलाचे नाव, छायाचित्र आणि अधूनमधून पत्र मिळते. मात्र बऱ्याच मोठ्या संस्था सगळ्या प्रायोजकांचे पैसे एकत्र करून ते पाणी, आरोग्य, शाळा अशा गावाच्या कामांवर खर्च करतात आणि तसे लिहूनही ठेवतात. ते वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही, इतकेच. (चार वर्षांच्या मुलाचे पत्र अर्थातच दुसरे कोणीतरी लिहिते, मुलाच्या हातची असते ती फार तर एखादी रेघोटी.) ‘कम्पॅशन’सारख्या काही संस्था मात्र खरोखर त्या-त्या मुलाच्या शिक्षणावर खर्च करतात आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा देशांतील अभ्यासात अशी मुले सुमारे एक ते दीड वर्ष अधिक शिकल्याचे आढळले.

दुसऱ्या प्रकारात नाव नाही, छायाचित्र नाही. आहे ते एक पातेले. मलावीतल्या गावकीने चालवलेल्या बालसंगोपन केंद्रांना चिचेवा भाषेत ‘मकोम्बा फाला’ची शाळा म्हणतात, म्हणजे पेज बोटांनी निपटून खायची शाळा. तीन ते पाच वर्षांची मुले सकाळी जमतात, चिंध्यांच्या चेंडूने आणि बाटल्यांच्या बुचांनी खेळतात, गाणी म्हणतात आणि मका-सोयाबीनच्या पिठाची पेज पितात. आपल्या अंगणवाडीची आठवण होते खरी, पण अंगणवाडी सेविकेला शासन मानधन देते, तर तिथल्या ताई बहुतेक विनावेतन राबतात. त्यामुळे त्या सोडून जाण्याचे प्रमाणही मोठे आहे. शेजारच्या मोझांबिकमध्ये, गाझा प्रांतात ‘सेव्ह द चिल्ड्रन’ने २००८ पासून चालवलेल्या अशाच बालवाड्यांमुळे तिथली मुले पुढे प्राथमिक शाळेत दाखल होण्याची शक्यता २४ टक्क्यांनी वाढली, खर्च होता दर मुलामागे महिन्याला सुमारे अडीच डॉलर.

इतक्या लहान मुलांच्या बाबतीत माझे मत पातेल्याच्या बाजूने पडते, कारण पेज वाढताना प्रायोजक मिळालेले मूल आणि न मिळालेले मूल असा भेद तिथे करावा लागत नाही. पण या मदतीचीही एक ठरलेली अडचण आहे. पेजेचा मका पुष्कळदा गावकरीच देतात आणि जानेवारी ते मार्च या काळात, पुढचे पीक हाती येण्याआधी, त्यांच्याच कणग्या रिकाम्या होतात. मग पेज थांबते, पेज थांबली की मुले येईनाशी होतात आणि केंद्राला कुलूप लागते. म्हणून अशा केंद्राला पैसे देणाऱ्याने संस्थेला आधी विचारावे, की फेब्रुवारीत पातेले चुलीवर चढते का.