ख्रिस्तमंडळी

ख्रिस्तमंडळी : येशू ख्रिस्ताला प्रभू मानून एकत्र जमणाऱ्या माणसांचा समुदाय. बोलताना चर्च म्हटले की डोळ्यांसमोर इमारत येते. मराठी बायबलने मात्र त्यासाठी ‘मंडळी’ हा शब्द घेतला, आणि तो मूळ अर्थाच्या फार जवळ जातो. नव्या करारातील ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’ म्हणजे बोलावून जमवलेली सभा; ग्रीक नगरांतील नागरिकांच्या सभेलाही हेच नाव होते. मराठी कॅथलिक ‘ख्रिस्तसभा’ म्हणतात. घरची मंडळी म्हणताना आपण माणसांविषयी बोलतो, भिंतींविषयी नाही. ख्रिस्तमंडळीचेही तसेच आहे, म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये किंवा महूच्या झाडाखाली भरणारी मंडळी कुठेही उणी ठरत नाही. दोघे-तिघे माझ्या नावाने जमतील तेथे मी आहे, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातले येशूचे वचन या समजुतीचा पाया आहे.

प्रेषितांची कृत्ये या नव्या करारातील पुस्तकानुसार पेन्टेकॉस्ट या यहुदी सणाच्या दिवशी यरुशलेमेत शिष्यांवर पवित्र आत्मा आला आणि मंडळीचे जाहीर जीवन सुरू झाले. तिचा दिनक्रम तेथे चार गोष्टींत सांगितला आहे : प्रेषितांचे (येशूने पाठवलेल्या पहिल्या शिष्यांचे) शिक्षण, सहवास, भाकर मोडणे आणि प्रार्थना. ‘भाकर’ हा अनुवाद खानदेशात वेगळाच पोचतो. जिथे ज्वारी-बाजरीची किंवा कळण्याची भाकर हेच जेवण, तिथे ‘मी जीवनाची भाकर आहे’ हे ऐकणाऱ्याला उलगडून सांगावे लागत नाही.

प्रेषित पौलाने करिंथ या ग्रीक नगरातील मंडळीला लिहिलेल्या पत्रात मंडळीला ख्रिस्ताचे शरीर म्हटले (१ करिंथ, अध्याय १२). डोळा हाताला ‘तू मला नको’ असे म्हणू शकत नाही. दुबळे वाटणारे अवयवच अधिक गरजेचे असतात. एक दुखावला की सगळे दुखावतात. मंडळीविषयीच्या साऱ्या प्रतिमांत ही सर्वांत मोलाची म्हणावी लागेल, कारण तिच्यात एकी आहे पण एकसारखेपणाची सक्ती नाही. मावची, वसावी, पावरी या आदिवासी बोली आणि अहिराणी बोलणारी माणसे एकाच प्रभुभोजनाला बसतात तेव्हा या अध्यायाची खरी कसोटी लागते. एकमेकांच्या पंगतीला बसायचे की नाही, हा प्रश्न करिंथच्या मंडळीलाही सुटला नव्हता; श्रीमंत आधी जेवतात आणि गरीब उपाशी राहतात, म्हणून पौलाने तिला खडसावले आहे.

इ.स. ३८१ च्या विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत कबुलीत, मंडळीची चार लक्षणे आहेत : एक, पवित्र, सार्वत्रिक, प्रेषितीय. त्यांच्या अर्थावरून मतभेद आहेत. कॅथलिक परंपरेत प्रेषितीयता बिशपांच्या अखंड परंपरेतून येते आणि ‘या खडकावर मी आपली मंडळी रचीन’ हे वचन पेत्राला उद्देशून आहे. अनेक प्रॉटेस्टंट तो खडक म्हणजे येशू हा ख्रिस्त आहे ही पेत्राची कबुली मानतात. १५३० च्या लुथेरन पंथीयांच्या आउग्सबुर्ग कबुलीनाम्यात, जेथे शुभवर्तमान शुद्ध शिकवले जाते आणि संस्कार योग्य रीतीने दिले जातात तेथे मंडळी, अशी व्याख्या आहे. कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ‘देवाची प्रजा’ या कल्पनेवर भर दिला.

खानदेशात हे भेद मिशनांच्या वाटांनी आले. भुसावळच्या बाजूला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम झाले. पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आले, जे फ्रेडरिक फ्रॅन्सन यांनी १८९० मध्ये अमेरिकेत स्थापले होते. दोघांच्याही मते कळत्या वयात विश्वास कबूल करून पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घेतलेल्यांची मंडळी. येथील बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बिशप नाही. पाळक आणि वडील कारभार पाहतात. कॅथलिक मात्र १९८७ पासून नाशिक धर्मप्रांतात येतात.

मंडळी कशासाठी, याची उत्तरे उपासना, परस्परांची उभारणी, साक्ष आणि सेवा अशी दिली जातात. यांतील सेवा वेगळी काढता येत नाही; नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय हे त्याचेच रूप. ख्रिस्ताला मानणारा पण बाप्तिस्मा न घेतलेला माणूस मंडळीत की बाहेर, हा प्रश्न मराठीत ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी धीटपणे विचारला. साताऱ्याला १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुसंघ काढला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या दोघांनाही जागा दिली. बायबलवर श्रद्धा असूनही घर तुटेल म्हणून थांबलेली माणसे पाहिली की टिळकांचा प्रश्न आजही जिवंत वाटतो.

पिकाच्या सणाला मंडळीचे स्वरूप उघड दिसते. उपासनेनंतर चादरीवर कणसे, तूर, पपई, भोपळा, एखादी कोंबडी मांडली जाते आणि लिलाव पुकारला जातो. वीस रुपयांचा भोपळा दोनशेला जातो, घेणारा तो परत अर्पण करतो, पुन्हा बोली लागते. जमलेले पैसे पाळकाच्या पगाराला, छताच्या पत्र्यांना, आणि कोणाच्या तरी दवाखान्याच्या गाडीभाड्याला लागतात.