निर्दोष फाइलवर व्हायरसचा ठपका का येतो?

गेल्या महिन्यात एका सकाळी लिहायला बसलो, तर बोटे सवयीने कळफलकावर फिरत असूनही पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरे उमटू लागली. शोध घेतल्यावर कळले की, रात्री अपडेट झालेल्या अँटिव्हायरसने माझ्या मराठी टंकलेखनाच्या प्रोग्रॅमची मुख्य फाइल ‘ट्रोजन’ (उपयुक्त प्रोग्रॅमचे सोंग घेतलेला घातक प्रोग्रॅम) ठरवून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइलींच्या बंदिस्त कोठडीत, टाकली होती. एका हौशी प्रोग्रॅमरने तयार केलेली ही फाइल मी आठ वर्षे वापरत होतो आणि तेवढ्या काळात तिच्यात काहीही बदल झालेला नव्हता. ओळखीच्यांकडून लगेच दोन सल्ले आले. एकाचे म्हणणे, अँटिव्हायरस काढूनच टाका, तो उगाच घाबरवतो. दुसऱ्याचे म्हणणे, ट्रोजन म्हटल्यावर विषयच संपला, लॅपटॉप फॉरमॅट करा. दोन्ही सल्ल्यांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, तो म्हणजे अँटिव्हायरसचा इशारा हा निकाल असतो. इशारा ही केवळ एक शक्यता असते, आणि ती किती मोठी आहे हे काढण्याचे गणित शाळेतल्या टक्केवारीच्या पलीकडचे नाही.

आधी अँटिव्हायरस फाइल ओळखतो कसा, ते पाहू. सर्वांत सोपी पद्धत हॅशची. फाइलमधील सगळे बिट एका ठरावीक गणिती प्रक्रियेतून काढले की एक लांबलचक संख्या मिळते. एसएचए-२५६ या प्रचलित पद्धतीत ती ६४ षोडशमान अंकांची (० ते ९ आणि ए ते एफ) असते. फाइलमधला एक बिट बदलला तरी ही संख्या ओळखू न येण्याइतकी बदलते. त्यामुळे हॅश जुळला तर फाइल तीच, याची खात्री व्यवहारात पूर्ण असते. परंतु व्हायरस लिहिणाऱ्याने एक निरर्थक बिट बदलला की हीच खात्री निरुपयोगी ठरते. म्हणून दुसरी पद्धत आली, ती म्हणजे व्हायरसच्या संहितेतील (कोडमधील) वैशिष्ट्यपूर्ण तुकडा शोधण्याची, जिला सिग्नेचर म्हणतात. आणि अजून कोणी न पाहिलेल्या व्हायरससाठी तिसरी पद्धत आली, ती फाइलच्या रचनेवरून आणि वागणुकीवरून अंदाज बांधण्याची. खोटे इशारे बहुतांशी या दुसऱ्या आणि तिसऱ्या पद्धतीतून जन्माला येतात.

माझ्या टंकलेखनाच्या प्रोग्रॅमचेच पाहा. मी कळ दाबली की ती वर्डपर्यंत पोहोचण्याआधी या प्रोग्रॅमने मधेच पकडायची, गिळून टाकायची आणि तिच्या जागी देवनागरी अक्षर पुढे पाठवायचे, असे त्याचे काम चालते. यासाठी विंडोजमध्ये ‘हुक’ नावाची सोय आहे. आता पासवर्ड चोरणारा कीलॉगर काय करतो? तोही त्याच हुकने प्रत्येक कळ पकडतो. फक्त अक्षर बदलण्याऐवजी तो ती कळ नोंदवून ठेवतो आणि इंटरनेटवरून चोराकडे धाडतो. दोघांचे पहिले पाऊल तंतोतंत सारखे असते. त्यात भर म्हणजे या प्रोग्रॅमरने फाइल लहान व्हावी म्हणून ती यूपीएक्स या साधनाने आवळलेली होती, आणि व्हायरस लिहिणारेही आपली संहिता लपवण्यासाठी अशीच साधने वापरतात. डिजिटल स्वाक्षरीला दर वर्षी पैसे मोजावे लागतात, ती त्याने घेतलेली नव्हती. वापरणारे मोजके असल्यामुळे फाइलला ‘नावलौकिक’ही नव्हता. यांपैकी एकही गोष्ट गुन्हा नाही, पण चारही एकत्र आल्यावर संशयाचे पारडे जड होते. प्रादेशिक भाषांसाठी एकट्यादुकट्याने लिहिलेली उपयुक्त साधने वारंवार या कचाट्यात सापडतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मग कंपन्यांनी अधिक हुशार अँटिव्हायरस का लिहू नये? याचे उत्तर फ्रेड कोहेन या अमेरिकी संशोधकाने १९८४ साली दिले, आणि संगणकशास्त्रातील ते मला सर्वांत देखणे वाटणारे उत्तर आहे. समजा, कोणताही प्रोग्रॅम व्हायरस आहे की नाही हे कधीही न चुकता सांगणारा एक परीक्षक आपल्याकडे आहे. आता आपण एक खोडसाळ प्रोग्रॅम लिहू. सुरू झाल्याबरोबर तो त्या परीक्षकाला स्वतःविषयीच विचारतो, ‘मी व्हायरस आहे का?’ परीक्षकाने ‘हो’ म्हटले, तर तो काहीही न करता थांबतो; ‘नाही’ म्हटले, तर तो इतर फाइलींमध्ये स्वतःची प्रत घुसवतो. म्हणजे ‘हो’ म्हटले तर तो पसरतच नाही, त्यामुळे तो व्हायरस नव्हे. ‘नाही’ म्हटले तर तो पसरतो, म्हणून तो व्हायरस ठरतो. परीक्षक काहीही बोलला तरी चुकतो, अर्थात असा अचूक परीक्षक अस्तित्वातच असू शकत नाही. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये प्रोग्रॅम थांबेल की नाही या प्रश्नाविषयी जे सिद्ध केले होते, त्याच कुळातील हा युक्तिवाद आहे. त्यामुळे प्रत्येक अँटिव्हायरसला काही व्हायरस सुटू देणे आणि काही निर्दोष फाइली पकडणे यांच्यामध्ये कुठेतरी रेघ ओढावीच लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे १०० टक्के संरक्षण मिळते अशा जाहिराती सध्या जोरात आहेत. त्या तंत्राने ही रेघ अधिक चांगल्या जागी ओढता येते, पण ती पुसून टाकता येत नाही, आणि तसे सांगणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

आता ते टक्केवारीचे गणित. समजण्यापुरते आकडे घेऊ. एका लॅपटॉपवर ४ लाख फाइली आहेत आणि त्यांतील ४ खरोखर बाधित आहेत. अँटिव्हायरस बाधित फाइलींपैकी ९९ टक्के पकडतो आणि दर १०,००० निर्दोष फाइलींमागे केवळ एका फाइलवर चुकीचा ठपका ठेवतो. ऐकायला हे फार उत्तम वाटते. पण हिशोब करा : खरे इशारे ४, आणि खोटे इशारे ४ लाख भागिले १०,०००, म्हणजे ४०. एकूण ४४ इशाऱ्यांपैकी ४०, म्हणजे सुमारे ९१ टक्के, खोटे! चुकीचे प्रमाण दहापट कमी करून लाखात एकावर आणले, तरी खोटे इशारे चार उरतात आणि खऱ्या-खोट्यांची संख्या बरोबरीची होते. अँटिव्हायरस वाईट असल्यामुळे हे घडत नाही; निर्दोष फाइलींची संख्या प्रचंड असल्यामुळे घडते. म्हणूनच कंपन्या परिचित निर्दोष फाइलींच्या हॅशची भलीमोठी यादी बाळगतात आणि त्या फाइली संशयाच्या फेऱ्यात येऊच देत नाहीत.

हेच गणित उलट्या बाजूनेही तितकेच कठोर आहे. समजा, महागड्या सॉफ्टवेअरची ‘क्रॅक’ केलेली, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेली, आवृत्ती कोणी उतरवली, त्या फोल्डरमध्ये १० फाइली आहेत आणि अशा ठिकाणी त्यांतल्या ३ बाधित असणे शक्य आहे. उरलेल्या ७ फाइलींवर खोटा इशारा येण्याची शक्यता दहा हजारांत सात, म्हणजे नगण्य. येथे वाजलेला इशारा जवळजवळ नक्कीच खरा असतो. ‘इन्स्टॉल करण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा, तो खोटा इशारा देतो’ असे तेथे हमखास लिहिलेले असते, आणि ते वाचून लोक अँटिव्हायरस बंद करतात. अँटिव्हायरस तोच, शब्द तेच, पण फाइल कोठून आली यावर इशाऱ्याचा अर्थ ठरतो.

कंपन्यांच्या यादीतही भोके राहतात. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरस कंपनीच्या ५९५८ क्रमांकाच्या अपडेटने विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ मधील एसव्हीसीहोस्ट या अत्यावश्यक फाइललाच व्हायरस ठरवले. संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागले, नेटवर्क तुटले, आणि अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे काही रुग्णालयांना तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये तर सोफोस या दुसऱ्या अँटिव्हायरस कंपनीच्या प्रोग्रॅमने स्वतःचीच अपडेट आणणारी फाइल धोकादायक ठरवली, त्यामुळे जेथे ती हटवली गेली तेथे दुरुस्ती पोहोचण्याचा मार्गही बंद झाला.

अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे घाई न करणे. क्वारंटाइनमधील फाइल रूपांतरित करून वेगळ्या जागी ठेवलेली असते, तेथून ती चालू शकत नाही. म्हणून दोन दिवस ती तेथेच राहिली तर बिघडत नाही. मग इशाऱ्यातील नाव नीट वाचावे. नावात ‘जेन’ किंवा ‘ह्यूर’ असेल, किंवा विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसने शेवटी उद्गारचिन्ह देऊन ‘एमएल’ लिहिले असेल, तर तो बहुधा अंदाजावरचा निष्कर्ष असतो. एखाद्या विशिष्ट व्हायरसच्या घराण्याचे नाव असेल तर प्रकरण अधिक गंभीर समजावे. निर्मात्याने आपल्या संकेतस्थळावर हॅश दिलेला असेल तर तो आपल्या फाइलच्या हॅशशी ताडून पाहावा. व्हायरसटोटल या संकेतस्थळावर एकच फाइल सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस इंजिनांकडून तपासून मिळते, पण तेथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना उपलब्ध होते, त्यामुळे खासगी कागदपत्रे चढवू नयेत. तेथे नुसता हॅश शोधूनही अनेकदा उत्तर मिळते. शिवाय अनेक कंपन्या एकमेकींचे इंजिन भाड्याने वापरतात, म्हणून पाच ठिकाणी उमटलेले एकच नाव पाच स्वतंत्र साक्षी म्हणून मोजू नये.

मात्र ‘विश्वासू निर्मात्याची फाइल आहे, म्हणजे इशारा खोटाच’ हेही गृहीत धरता येत नाही. २०१७ मध्ये सीक्लीनर या लोकप्रिय प्रोग्रॅमची ५.३३ ही आवृत्ती अधिकृत संकेतस्थळावरून, वैध डिजिटल स्वाक्षरीसह वाटली जात होती, आणि तिच्यात हल्लेखोरांनी संगणकात गुपचूप शिरण्यासाठी ‘मागील दार’ बसवलेले होते. सुमारे २२.७ लाख संगणकांवर ती पोहोचली. सिस्को कंपनीच्या टॅलोस या सुरक्षा पथकाच्या ते लक्षात आले, ते त्यांच्या चाचणीतील प्रणालीने या भरवशाच्या फाइलवर इशारा दिल्यामुळे. तो इशारा खोटा समजून बाजूला सारणे किती सोपे होते!

माझ्या फाइलचा हॅश निर्मात्याने दिलेल्या हॅशशी जुळला, तेव्हा मी ती नमुना म्हणून अँटिव्हायरस कंपनीकडे पाठवली. दरम्यान काम अडू नये म्हणून अपवादांच्या यादीत फक्त त्या एका फाइलचे नाव घातले, तिचा फोल्डर नव्हे. कारण वगळलेल्या फोल्डरमध्ये उद्या दुसरे काहीही येऊन बसले तरी अँटिव्हायरस तिकडे पाहणार नाही. चौथ्या दिवशी कंपनीचे उत्तर आले आणि त्यासोबत अपडेटही. मी अपवादांच्या यादीतून ते नाव काढले, पूर्ण स्कॅन चालवले, आणि या वेळी ती फाइल तपासणीतून निर्विघ्न पार झाली.