मेम्ब्रेन बायोरिॲक्टर

मेम्ब्रेन बायोरिॲक्टर (एमबीआर) : सांडपाण्यातली सेंद्रिय घाण जिवाणूंकडून खाववायची आणि मग गाळ खाली बसण्याची वाट न पाहता अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून पाणी ओढून घ्यायचे, अशी शुद्धीकरणाची पद्धत. पडद्याची छिद्रे साधारण ०.०४ ते ०.४ मायक्रॉनची असतात. बहुतेक जिवाणू त्यांतून पार होत नाहीत. विरघळलेले क्षार मात्र बिनदिक्कत जातात. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, या पद्धतीचा विचार करताना ही दुसरी गोष्ट विसरून चालत नाही.

सक्रिय गाळाची, म्हणजे जिवाणूंनी भरलेला गाळ हवा देऊन सांडपाण्यात खेळवण्याची, मूळ रीत आर्डर्न व लॉकेट यांनी १९१४ मध्ये मँचेस्टर येथे मांडली. तीत शेवटी निवळणीची टाकी लागते आणि गाळ नीट बसला नाही तर केलेले काम पाण्याबरोबर वाहून जाते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील डॉर-ऑलिव्हर कंपनीने निवळणीच्या जागी पडदा आणला, पण पाणी पंपाने जोरात फिरवावे लागे आणि वीज फार लागे. १९८९ मध्ये जपानमध्ये काझुओ यामामोटो व सहकाऱ्यांनी पडदा थेट टाकीत बुडवून हलक्या ओढीने पाणी बाहेर काढले. आजचे बहुतेक एमबीआर याच धाटणीचे आहेत.

टाकीत शेवयांसारख्या पोकळ तंतूंचे जुडगे उभे टांगलेले असतात. पाणी तंतूच्या बाहेरून आत झिरपते, गाळ बाहेरच राहतो. गाळ निसटत नसल्यामुळे तो दाट ठेवता येतो : लिटरमागे ८ ते १२ ग्रॅम, साध्या पद्धतीत २ ते ४ ग्रॅम. म्हणून टाकी लहान चालते. एक चौरस मीटर पडदा तासाला साधारण २० लिटर पाणी देतो, तेव्हा रोजच्या दहा लाख लिटरला दोन हजार चौरस मीटरहून थोडा जास्त पडदा लागतो. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी (उरलेली घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजेच घाणीचे माप) बहुधा लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या आत असतो. वीज मात्र साध्या पद्धतीच्या जवळपास दुप्पट लागते.

खरा त्रास पडदा चोंदण्याचा. तंतूंच्या बुडाशी सतत हवेचे बुडबुडे सोडून गाळ झटकावा लागतो, ठरावीक वेळाने हायपोने (सोडियम हायपोक्लोराइटने) धुवावे लागते आणि पाणी जड असेल तर सायट्रिक ॲसिडनेही. आधी एक-दोन मिलिमीटरची जाळी नसेल तर केस आणि सुताचे धागे तंतूंभोवती पीळ घालतात. जिनिंगच्या गावात कापसाची रुईही त्यात येते. केळी वेफर्सच्या कारखान्याचे तेलकट पाणी आधी तेल न काढता सोडले तर पडदा लवकर निकामी होतो. वीज गेली की हवा सोडणारा ब्लोअर थांबतो, म्हणून जनरेटरचा खर्च सुरुवातीपासूनच धरावा लागतो.

खानदेशच्या उन्हाचे दोन परिणाम होतात. कोमट पाणी पातळ असल्याने पडद्यातून सहज जाते. पण २० अंशांवर लिटरभर पाण्यात ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांवर साडेसात, त्यामुळे ब्लोअरला जास्त राबावे लागते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अशा वेळी दुरुस्तीसाठी टाकी रिकामी करून तंतू उघडे ठेवले तर ते वाळतात, आणि वाळलेल्या पडद्यातून पुन्हा पूर्वीसारखे पाणी येईल याची खात्री नसते.

रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत केळी मोठ्या प्रमाणावर ठिबकवर असते. ड्रिपर चोंदतात ते मुख्यतः तरंगत्या कणांनी व शेवाळाने. एमबीआरच्या पाण्यात कण जवळजवळ नसतात, म्हणून ठिबकसाठी ते साध्या प्रक्रियेच्या पाण्यापेक्षा उजवे. तरी शेवाळासाठी क्लोरिनेशन लागतेच. मात्र केळीला खारे पाणी मानवत नाही. ज्या कारखान्याच्या पाण्यात मीठ जास्त, त्याचे पाणी एमबीआरनंतरही मळ्यात सोडू नये; पुढे क्षार काढणारा आरओ हवा. औष्णिक वीज केंद्राचा रस्ता वेगळा आहे. २०१६ च्या वीजदर धोरणानुसार सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या ५० किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक केंद्रांनी शुद्ध केलेले पाणी वापरणे बंधनकारक आहे, आणि भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्राच्या या टप्प्यात भुसावळच नव्हे, जळगावही येते. पांझरा नदीवरच्या जुन्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी गावाने वाटून घेण्याच्या रीतीत, पाटकरी पाळीने पाणी सोडी. शुद्ध केलेल्या पाण्याची पाळी वीज केंद्राची की मळ्याची, हे ठरवायला यंत्र उपयोगाचे नाही.

उपयुक्त उत्पादने : हवेविना चालणाऱ्या एमबीआरमध्ये मिथेन तयार करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात, पडदा त्यांना वाहून जाऊ देत नाही. एक किलो सीओडी (रासायनिक रीतीने मोजलेली घाण) खर्ची पडला की प्रमाण तापमान व दाबाला सुमारे ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. मक्याच्या स्टार्चचे, दुधाचे किंवा डिस्टिलरीचे पाणी यासाठी चांगले. घरगुती मैलापाण्यात घाणीचे प्रमाण कमी असल्याने गॅस थोडाच निघतो. जिवाणूंना मिथेनपर्यंत जाऊ न देता मध्येच थांबवले तर सेंद्रिय आम्ले मिळतात आणि त्यांवर दुसरे जिवाणू पोसून जैवविघटनशील प्लास्टिक बनवता येते. ते पेशींतून वेगळे करणे महाग पडते, म्हणून सध्या गॅसचाच हिशेब सोपा. हवेविना चालणाऱ्या या पद्धतीत पाण्यातले नत्र व स्फुरद फारसे निघून जात नाहीत. नदीत सोडायचे तर हा दोष, केळीला द्यायचे तर खत. पण तेवढे खत डोसातून वजा करावे लागते, नाहीतर जादा नत्र नायट्रेट होऊन विहिरीत उतरते.